तंत्रविद्येचे रोखे आणि वैशाखातली तुळस

भडगावच्या पेठेत केवलचंद शेठचं कापडाचं दुकान होतं, आणि त्या दुकानात लग्नाचं एकही वस्त्र मिळत नसे असं लोक म्हणत. म्हणजे नवरीचा शालू, नवऱ्याचा फेटा, हे घ्यायला मंडळी चाळीसगावला नाहीतर थेट जळगावला जात. केवलचंदांकडे मिळायचा तो आहेर. टॉवेल, टोपी, खण, आणि जरा जवळचं नातं असेल तर एक नऊवार, जे नेसलं जाणार नाही याची देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही खात्री असे.

आहेराचा माल हा वेगळा माल असतो, हे केवलचंदांना जितकं कळलं होतं तितकं जिल्ह्यात कोणाला कळलं नसेल. तो वापरायचा नसतो, फिरवायचा असतो. गुढे गावच्या लग्नात दिलेला खण कजगावच्या लग्नात जातो, तिथून आमडद्याला, आणि पाच-सात वर्षांनी कधीतरी आपल्याच घरच्या बारशाला परत येतो. केवलचंद घडीवरून आपला खण ओळखत. "हा माझा," असं ते मनात म्हणत आणि परत कपाटात ठेवत. आणि एक नियम सगळ्या पंचक्रोशीला पाठ होता. आलेला आहेर परत करायचा तो त्या घरच्या लग्नात, वर थोडं काहीतरी घालून. त्याआधी नाही, आणि मागून तर नाहीच नाही. आहेर मागणाऱ्या माणसाच्या घरी पुन्हा कोणी पंगतीला बसलं नसतं.

तर अशा या माणसाला सरकारने एकसष्ट साली तंत्रविद्येच्या नादी लावलं.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. सरकारने उच्च तंत्रविद्या आणि संशोधन यांसाठी म्हणून रोखे काढले होते. जनतेने ते घ्यायचे, त्या पैशातून खानदेशात मोठं विद्यामंदिर उभं राहायचं, तिथे यंत्रं शोधून काढायची आणि बारा वर्षांनी जनतेला पैसे व्याजासकट परत. मामलेदार साहेबांनी पेठेतल्या व्यापाऱ्यांना बोलावून चहा पाजला. सरकारी कचेरीत चहा मिळाला तेव्हाच शहाण्या माणसाने उठायला हवं होतं, पण केवलचंदांचा तो कप अर्धाच झाला होता. उठेपर्यंत त्यांच्या हातात वीस रोखे आले होते. जाडजूड गुळगुळीत कागद, वर तीन सिंह, खाली दातेरी चाक आणि चाकातून उगवणारी समई.

बायकोने, म्हणजे धनकुंवरबाईंनी, ते उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, याची घडी करता येते का. केवलचंद म्हणाले, येते. मग त्या म्हणाल्या, "मग कपाटात आहेराच्या खणांशेजारी ठेवा."

बाई सहज बोलून गेल्या, पण व्यापाऱ्याच्या डोक्यात उजेड पडला.

त्याच वैशाखात चुडामण आबा पाटलांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. चुडामण आबा म्हणजे गिरणाकाठच्या बागायतीचे धनी, बालाजीच्या देवळाचे मुख्य पंच, आणि कोर्टात अठरा वर्षं एक बांध लढवून जिंकलेले. मांडवात झिपरू लाऊडस्पीकरवर आहेर पुकारत होता. झिपरूचा आवाज असा की पाच रुपये पुकारले तरी पन्नास ऐकू यावेत. त्याने केवलचंदांच्या हातातला कागद पाहिला, जरा थबकला, आणि मग सगळ्या भडगावाला ऐकवलं, "केवलचंद शेठ, सरकारी रोखा, एक!"

मामलेदार साहेब वळून पाहू लागले. चुडामण आबा स्वतः उठून कागद घ्यायला आले, सिंह पाहून त्यांनी तो कपाळाला लावला.

झालं. दोन लग्नसराईंत केवलचंदांचे वीसही रोखे संपले. टॉवेल-टोपीपेक्षा मान मोठा आणि दुकानातला माल शाबूत. मामलेदारांनी वर कळवलं की भडगावच्या जनतेत तंत्रविद्येची विलक्षण आस्था असून लोक शुभकार्यात रोखे भेट देत आहेत. वरून शाबासकीचं पत्र आलं, ते मामलेदारांनी स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

पुढे आठ-नऊ वर्षं विद्यामंदिराचं काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते एवढंच की ते जळगावला होणार, मग ते धुळ्याला होणार, मग जळगावकरांनी मोर्चा काढला, मग धुळेकरांनी काढला. शेवटी कोनशिला जळगावला बसवली आणि शाळा धुळ्याला काढली. दोन्हीकडच्यांनी पेढे वाटले. केवलचंद रोखे विसरून गेले होते.

त्यांना विसरता न येणारी गोष्ट होती राजकुंवर.

राजकुंवर त्यांची एकुलती एक. लहानपणी दुकानातला रेडिओ बंद पडला तेव्हा चाळीसगावहून माणूस बोलवायचं ठरलं, तो यायच्या आत या मुलीने पाठीमागची फळी काढून रेडिओ चालू केला होता. त्या माणसाने मग येण्याचं भाडं घेतलं आणि जाताना मुलीकडे असं पाहिलं की केवलचंदांची छाती फुगली. तेव्हापासून पेठेतले रेडिओ, पंखे, एकदा तर बालाजीच्या देवळातला लाऊडस्पीकर, सगळं तिच्याकडे येई. सत्तर साली ती मॅट्रिकला बसली. तिला पुढे तेच शिकायचं होतं. आणि केवलचंदांनी कधीतरी, चार माणसं दुकानात बसलेली असताना, मोठ्या ऐटीत म्हटलं होतं की मॅट्रिक झाली की पाठवीन. तेव्हा खानदेशात तशी शाळा नव्हती, म्हणून म्हणायला काही अडचण नव्हती.

धनकुंवरबाईंचं म्हणणं अगदी सरळ होतं. चोपड्याचं स्थळ आलंय, जिनिंगवाले आहेत, मुलगा शांत आहे. शाळेत जागा मिळाली तर मिळाली, त्या आडव्या येणार नाहीत. पण आषाढाच्या आत जागेचा कागद हातात आला नाही, तर चोपड्याला होकाराचा नारळ जाईल. त्या एकदा बोलल्या की बोलल्या. केवलचंदांनी पंचवीस वर्षांत त्यांच्याशी भाव केला नव्हता, कारण त्या भाव सांगतच नसत, किंमत सांगत.

चोपड्याच्या मुलाचा फोटो राजकुंवरने पाहिला, आणि फोटोत त्याच्या मागे जो रेडिओ होता तो कुठल्या कंपनीचा हे तेवढं सांगितलं.

आणि मग एप्रिलात पेपरात जाहिरात आली.

पेठेत पेपर एकच येई, संध्याकाळच्या एस.टी.ने, केवलचंदांच्या दुकानात. आधी ते वाचत, मग त्यांच्या पायरीवर बसून पेठ वाचे. त्या दिवशी राजकुंवरने जाहिरातीवर बोट ठेवलं. धुळ्याच्या उच्च तंत्रविद्या व संशोधन मंदिरात यंदापासून प्रवेश, अर्जाची मुदत जूनअखेर. आणि खाली बारीक अक्षरात, ज्या कुटुंबाकडे शासनाचे तंत्रविद्या रोखे दहा किंवा अधिक असतील, त्यांच्या मुलामुलींस प्रवेशात प्राधान्य.

केवलचंदांनी ते दोनदा वाचलं. मग पेपराची घडी केली, धोतराच्या निऱ्यांत खोवली, आणि पायरीवर जमलेल्यांना सांगितलं की आज पेपर आला नाही.

ही त्यांची मोठी चूक. एस.टी. आलेली सगळ्यांनी पाहिली होती. पेपर आला नाही, असं भडगावात आजवर एकदाच घडलं होतं आणि तेव्हा पूल वाहून गेला होता. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवसापासून केवलचंद रोख्यांच्या मागावर निघाले. सरळ विचारायची सोय नव्हती. आहेर परत मागतोय असा नुसता वास आला असता तरी पंचाईत. म्हणून ते कोणाकडे बाकी मालाची चौकशी करायला जात, चहा घेत, आणि निघता निघता म्हणत, ते सिंहवाले कागद किती सुंदर छापले होते नाही. प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं. तो होय, तो आम्ही चुडामण आबाच्या पोरीच्या लग्नात दिला.

त्याचं असं झालं होतं. चुडामण आबांना पाच मुली आणि तीन मुलगे. आठातली सात लग्नं या नऊ वर्षांत झाली. आहेराचा माल कुठूनही निघाला तरी ज्याच्या घरी जास्त लग्नं त्याच्या घरी जमतो. खण आणि टॉवेल आबांनी पुढे फिरवले, पण सिंहाचा कागद त्यांनी फिरवला नाही. बांधाच्या खटल्यापासून त्यांचं मत होतं की सिंह छापलेला कागद घरात आला की घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. त्यांच्या शिसवी पेटीत चौदा रोखे येऊन बसले होते.

केवलचंद आबांच्या ओट्यावर गेले. पाऊसपाणी झालं, कापसाचा भाव झाला. मग त्यांनी कागदांच्या छपाईचं कौतुक सुरू केलं. आबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, अडकित्त्याने सुपारी कातरली आणि म्हणाले, "आहेर मांगीसन लेतस का, शेठ?"

केवलचंदांनी कानाला हात लावले.

"मंग तुमनी पोरनं लगीन काढा," आबा म्हणाले. "बठ्ठा कागद वाजत-गाजत लई येसू."

केवलचंद घरी परतले ते नदीच्या वाटेने, लांबून. रोखे हवेत ते मुलीला शिकवायला, आणि रोखे मिळणार ते मुलीचं लग्न काढलं तर. लग्न काढलं की शिकवणं संपलं. सरकारने एवढी मोठी योजना आखली, त्यात ही अडचण तिथे कोणाला सुचली नसणार, कारण सरकारला आहेर कोणी करत नाही.

जेवताना त्यांनी हे घरात सांगितलं. धनकुंवरबाई म्हणाल्या, देवाची इच्छा चोपड्याचीच दिसते. राजकुंवरने पोळीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "बापूजी, लग्न माझंच असलं पाहिजे का?"

दोघंही तिच्याकडे पाहू लागली.

"घरात लग्न हवं. अंगणातल्या तुळशीचं काढा."

तुळशीचं लग्न कार्तिकात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण केवलचंदांनी भटजींना गाठलं, समोर धोतरजोडी ठेवली आणि विचारलं, देव कार्तिकात उठतात ते परत कधी झोपतात? भटजी म्हणाले, आषाढात. म्हणजे वैशाखात जागे असतात? भटजी म्हणाले, असतात. मग जागा असलेला देव लग्नाला उभा राहायला हरकत काय? भटजींनी धोतरजोडीचा पोत पाहिला आणि म्हणाले की शास्त्रात हरकत अशी कुठे लिहिलेली त्यांच्या वाचनात नाही. धनकुंवरबाईंनी मात्र एक अट घातली. अवेळीचं लग्न गावाला नवसाचं म्हणून सांगायचं, तर नवस खरा बोलायचा. त्या तुळशीपुढे उभ्या राहिल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. काय ते त्यांनी सांगितलं नाही. मुलीला जागा मिळो म्हणाल्या की चोपडं जुळो म्हणाल्या, याचा केवलचंदांना कायम संशय राहिला.

पत्रिका छापल्या. 'आमची कन्या चि. सौ. कां. तुळस'. पेठ हसली, पण पत्रिका घरोघर गेली म्हटल्यावर आहेराची तयारीही करू लागली. केवलचंदांच्या दुकानात टॉवेल-टोप्यांची अशी विक्री झाली की त्यांना क्षणभर वाटलं, दरसाल काढावं.

नवरदेव म्हणजे बालाजीच्या देवळातला शाळिग्राम. तो बाहेर काढायचा तर मुख्य पंचांची परवानगी हवी. केवलचंद पुन्हा आबांच्या ओट्यावर गेले. आबा फार खूश झाले. म्हणाले, देव जरूर देतो, पण देव काय अनाथ आहे का एकटा यायला? मुलाचा बाप म्हणून ते स्वतः वरात घेऊन येतील. केवलचंदांना भरून आलं. पाटलासारखा माणूस आपला व्याही होतोय, आणि पाटलासारखा माणूस आहेरही पाटलासारखाच करणार. त्यांनी तिथल्या तिथे आबांच्या हातात नारळ दिला.

लग्न दणक्यात झालं. पाचोऱ्याचा बँड आणला होता. आबा कोसा फेटा बांधून, मांडीवर चांदीच्या तबकात नवरदेव घेऊन बैलगाडीतून आले. त्यांच्या धाकट्या मुलाने, रतिलालने, गाडी हाकली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. करवली म्हणून राजकुंवर तुळशीमागे कलश घेऊन उभी होती. मग झिपरूने लाऊडस्पीकर हातात घेतला आणि आहेर सुरू झाला.

"मोहनबाई, खण, एक! रुपचंद भाऊ, टॉवेल-टोपी! शेवंताबाई माळीण, खण, एक, नारळ, एक!"

ढीग वाढत गेला. केवलचंद घडीवरून एकेक ओळखत होते. हा माझा, हाही माझा. त्यांचं लक्ष समोर होतं. समोर लोडाला टेकून चुडामण आबा बसले होते आणि पान खात होते. झिपरूची यादी संपली. झिपरूने लाऊडस्पीकर खाली ठेवला. आबा बसलेलेच.

तेव्हा कुठे केवलचंदांच्या ध्यानात आलं. मुलाचा बाप आहेर करत नसतो. मुलाचा बाप आहेर घेतो. तीस वर्षं आहेराचा धंदा केलेल्या माणसाने आपल्या हाताने नारळ देऊन आबांना त्या लोडावर बसवलं होतं.

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि जरा पुढे झुकून, फक्त व्याह्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात, प्रेमाने म्हणाले, "त्या दिवशीचा पेपर मी पाचोऱ्याहून मागवला, शेठ. तुम्ही लपवला म्हटल्यावर म्हटलं, वाचण्यासारखा असेल." हे बोलताना आबा मुद्दाम शुद्ध बोलले. कोर्टातही ते जिंकत आले की शुद्ध बोलत.

रतिलाल यंदा मॅट्रिकला होता, तिसऱ्यांदा. विहिरीवरचं इंजिन डोळे मिटून खोलायचा, पण इतिहासाच्या पेपरात झोपायचा. दहा रोख्यांवाचून त्याला धुळ्याचं दार दिसणार नव्हतं, हे आबांना ठाऊक होतं. दोन बापांची पोरं आणि एक पेटी, असं ते सगळं होतं. केवलचंदांनी टॉवेलच्या ढिगाकडे पाहिलं. पलीकडे बायकांत धनकुंवरबाई चोपड्याहून खास आलेल्या मंडळींना सरबत देत होत्या.

पाठवणीची वेळ झाली. भटजींनी तबक उचललं आणि परत खाली ठेवलं. तबकात नवरदेव नव्हता.

पहिल्यांदा कोणाला काही वाटलं नाही. मग चौरंगाखाली पाहिलं, फुलांत पाहिलं, बँडवाल्यांच्या ढोलात पाहिलं. बायका कुजबुजू लागल्या. भटजींना घाम फुटला, कारण संध्याकाळच्या आरतीला देव देवळात नसला तर उद्यापासून भटजीही नसणार होते.

राजकुंवरने कलश खाली ठेवला आणि झिपरूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. झिपरूने लाऊडस्पीकर बंद केला नव्हता. त्यामुळे ती जे बोलली ते मांडवात, पेठेत आणि बहुतेक गिरणेपलीकडेही ऐकू गेलं.

"आबा, आमच्यात करवली नवरदेवाचे जोडे लपवते. मान दिल्यावर परत देते. या नवरदेवाला जोडेच नाहीत. म्हणून नवरदेव ठेवलाय."

मांडव एकदम हसला. आबाही हसले. ही रीत सगळ्यांना माहीत होती, मारवाड्यांच्या प्रत्येक लग्नात होई. त्यांनी खिशातून पाच रुपये काढले. राजकुंवरने मान हलवली. अकरा काढले. एकवीस काढले. चोपड्याची मंडळी सरबत पिता पिता थांबली.

"पैसे नकोत आबा," ती म्हणाली. "तुमच्या पेटीत सिंहाचे कागद आहेत. त्यातले दहा."

आबांचं हसणं चेहऱ्यावरच राहिलं, फक्त आतून गेलं. त्यांनी केवलचंदांकडे पाहिलं. केवलचंदांचं तोंड उघडं होतं, त्यावरून हा डाव त्यांचा नाही हे आबांना कळलं, आणि त्याचं त्यांना जास्तच लागलं. बापाला हरवून ते मुलीच्या हातात सापडले होते. करवलीचा मान नाकारता येत नाही. तोही भर मांडवात, तोही देवाच्या वतीने, तोही लाऊडस्पीकरवर. एखाद्या कोपऱ्यात विचारलं असतं तर आबांनी तिला बाहुली देऊन वाटेला लावलं असतं.

भटजी म्हणाले, आरतीला तास उरलाय.

आबांनी कंबरेची किल्ली काढली आणि रतिलालपुढे धरली. रतिलाल सायकलवरून गेला आणि आला. वाटेत नदी होती, विहिरी होत्या, दहा कागद कुठेही पडले असते. पण त्याने सरळ येऊन ते राजकुंवरच्या हातात दिले. जाहिरात त्यानेही वाचली होती. त्याने एवढंच विचारलं, "तठे इंजिन शिकाडतस का?"

राजकुंवर म्हणाली, बहुतेक शिकवतात. मग ती दुकानात गेली, रेडिओची मागची फळी काढली, आहेराच्या गडबडीत आत धुतलेल्या वस्त्रावर आणून ठेवलेला नवरदेव उचलला, डोक्याला लावला आणि भटजींच्या तबकात ठेवला. आरती वेळेवर झाली. चोपड्याची मंडळी मात्र रात्रीचं जेवण न घेता गेली. ज्या मुलीने देव ओलीस ठेवला ती आमच्या मुलाचं काय करील, असं म्हणे त्यांच्यातला म्हातारा एस.टी.त म्हणाला.

जूनमध्ये निकाल लागला. केवलचंद मुलीला घेऊन पारोळ्यावरून धुळ्याला निघाले. रोखे रेशमी रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी पोटाशी. उच्च तंत्रविद्या व संशोधन मंदिर सापडायला वेळ लागला, कारण ते एका जुन्या सरकी गोदामात होतं. पाटी मात्र गोदामापेक्षा लांब होती, दोन्ही टोकांनी भिंतीबाहेर गेली होती. आत शिरताच सरकीचा वास आला, केवलचंदांना घरच्यासारखं वाटलं. मधोमध एक मोठं यंत्र मेणकापडाखाली झाकून ठेवलं होतं. शिपायाने सांगितलं की ते परदेशी आहे, लाईट आली की चालू होईल. तोवर तो गुरुवारी त्याला उदबत्ती लावतो.

कारकुनापुढे केवलचंदांनी रुमाल सोडला, दहा रोखे एकापुढे एक मांडले आणि मुलीला पुढे केलं. कारकुनाने रोख्यांकडे पाहिलं नाही. त्याने गुणपत्रिका पाहिली, यादी पाहिली, परत गुणपत्रिका पाहिली.

"या यादीत दुसऱ्या आहेत," तो म्हणाला. "यांना रोखे कशाला?"

"प्राधान्य," केवलचंद म्हणाले.

"ते ज्यांचे गुण कमी आहेत त्यांना. ह्यांना गुणांवर जागा आहे. सही करा आणि जा."

केवलचंद उभेच राहिले. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांना फुकट काही मिळालं नव्हतं, आणि फुकट मिळालेल्या मालावर त्यांचा विश्वासही नव्हता. त्यांनी रोखे पुन्हा कारकुनापुढे सरकवले. म्हणाले, एवढे कष्टाने आणलेत, निदान पाच तरी लावून घ्या, म्हणजे जागा पक्की. कारकुनाने ते परत सरकवले. शेवटी राजकुंवरने रोखे गोळा करून रुमालात बांधले. जाताना तिने मेणकापडाचं टोक उचलून यंत्राकडे एकदा पाहिलं आणि शिपायाला सांगितलं, लाईट आली तरी हे चालणार नाही, वायर उलटी जोडलीय. संशोधन मंदिरातलं ते पहिलं संशोधन.

धनकुंवरबाईंनी जागेचा कागद पाहिला, तुळशीला पाणी घातलं, आणि चोपड्याचं नाव पुन्हा काढलं नाही. त्यावरून नवस काय होता हे कोणी ठरवू शकतो, पण केवलचंदांनी ठरवलं नाही.

त्यांना दुसरीच काळजी होती. मुदत संपायला चार दिवस होते, आणि रतिलाल या खेपेला पास झाला होता, कसाबसा. केवलचंद धुळ्याहून उतरले ते थेट आबांच्या ओट्यावर गेले. जो माणूस रोख्यांसाठी पंधरा दिवस गावभर चहा पीत फिरला, तो आता तेच रोखे परत द्यायला आला होता. त्यांनी सगळं सांगितलं. गुणांवर जागा मिळाल्याचंही सांगितलं, जरा खाली मान घालून, कारण त्यात त्यांचा स्वतःचा काहीच पराक्रम उरला नव्हता. रुमाल पुढे ठेवला.

आबांनी तो एका बोटाने परत सरकवला.

"करवलीना मान शे तो, शेठ. दियेल मान परत लेतस का?"

"आबा, पोराचं वर्ष जाईल."

"जाऊ द्या," आबा म्हणाले, आणि ओट्यावरून आत बघत हाक मारली. "रतिलाल, आपला अंगणमा तुयस शे का रे?"

तुळस होती, पण वाळलेली. ती नीट फुटायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. आबांच्या घरच्यांनी तिला आठ मुलांच्या जावळापेक्षा जास्त जपलं. वर्षभर रतिलाल विहिरीवरचं इंजिन खोलत आणि जोडत राहिला. राजकुंवर सुट्टीत आली की त्याला धुळ्याची पुस्तकं देई, आणि परत जाताना त्याने बनवलेले जुगाड नेई.

पुढच्या वैशाखात भडगावात पुन्हा तुळशीचं लग्न निघालं. या वेळी कन्या पाटलांची. नवरदेव तोच, पण मुलाचा बाप व्हायला गावात कोणी तयार होईना. जो तो म्हणे, आम्ही आहेर करणार. शेवटी भटजींनाच लोडावर बसावं लागलं. शाळिग्राम त्यांनी तबकात ठेवलाच नाही, शेवटपर्यंत मुठीत धरला.

अक्षता पडल्या. केवलचंद नवं उपरणं घालून उठले, रेशमी रुमाल सोडला आणि आबांपुढे गेले. झिपरूने लाऊडस्पीकर तोंडाशी धरला.

"केवलचंद शेठ, सरकारी रोखा, दहा!"

मांडवात टाळ्या पडल्या. आबांनी दोन्ही हातांनी रोखे घेतले, थोरलीच्या लग्नातल्या पहिल्या रोख्यासारखेच कपाळाला लावले आणि मागे उभ्या असलेल्या रतिलालकडे दिले. केवलचंदांनी काखेतलं पुडकं काढलं आणि हळूच झिपरूच्या बाहीला धरलं.

"वर टॉवेल-टोपी," ते म्हणाले. "तेही सांग."